माशीच्या पायाएवढी सुई

मॅडम फिलोंच्या दुकानात पहिल्या दिवशी आलेल्या मुलीला कात्री मिळत नसे, कापड मिळत नसे, बसायला स्टूलसुद्धा मिळत नसे. मिळायची ती सुयांची डबी. जाड सुती कापडाला ही, अस्तराला ही, लेसला ही, जाड विणीच्या केन्टे कापडाला ही, असं म्हणत मॅडम एकेक सुई तिच्या तळहातावर ठेवायच्या, मग सगळ्या परत डबीत ओतून म्हणायच्या, "आता तू सांग." चुकलं की लाकडी पट्टी बोटांवर. मांकेसिमच्या बाजारात शिवण शिकवणाऱ्या बायका खंडीभर होत्या, पण सुई कापडाकडे बघून घ्यायची असते हे मॅडम फिलोंसारखं बोटांत उतरवणारी दुसरी नव्हती. हे त्यांच्या वैरिणीही कबूल करत, आणि वैरिणींची त्यांना कमतरता नव्हती.

अराबाची तिथली तीन वर्षं संपत आली होती. आता राहिली होती फक्त मोकळीक. ज्या दिवशी मॅडम चारचौघांत मुलीच्या डोक्यावर पावडर ओतून तिच्या हातात कात्री देतील, त्या दिवशी मोकळीक. तोवर मुलगी आईबापांची नव्हे, मॅडमची. अराबाच्या आईने त्या दिवसासाठी पांढरं कापड आणून ट्रंकेत ठेवलं होतं. मामाने तर घराची रस्त्याकडची ओसरी रिकामी करून पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. पाटीवर अराबाचं नाव होतं आणि नावाखाली कात्रीचं चित्र, जे जरा खेकड्यासारखं दिसत होतं.

अराबा अंगाने काडी. पंधराव्या वर्षी तिला साखरेचा आजार जडला, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचल्याशिवाय तिचा दिवस पुढे सरकत नव्हता. केप कोस्ट शहरातल्या इस्पितळातून तिला टोचायचं पेन मिळे आणि त्याला वर बसवायच्या बारीक, आखूड सुया मिळत. हाच आजार मॅडमनाही होता, मात्र तो उतारवयात आलेला. आणि मॅडमचा देह असा, की दोन बायकांचं कापड त्यांच्या एका काब्याला, म्हणजे अंगातल्या पोलक्याला, लागे. दोघींचा आजार एक म्हणून मॅडमचा तिच्यावर जरा जास्त जीव होता. तो जीव त्या ओरडून दाखवायच्या.

गिऱ्हाइकं कपडे घालून बघायची त्या पडद्यामागे अराबा रोज सकाळी मांडीत टोचून घ्यायची. एका सकाळी मॅडमनी सरळ पडदा सारला.

"काय चाललंय गं?"

"इन्सुलिन, मॅडम."

"ते दिसतंय मला. सुई कुठाय?"

"ही काय."

मॅडमनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, पेन डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. "ही सुई? बये, हा माशीचा पाय आहे."

"इस्पितळातून हीच देतात, मॅडम."

"फुकट देतात ना? मग हीच देणार. मी तुला तीन वर्षं काय शिकवलं? केन्टेला लेसची सुई लावली तर काय होतं?"

"मोडते."

"आणि न मोडता चाललीच, तर टीप कशी बसते?"

"वरवर, मॅडम. एका धुण्यात उसवते."

"मग औषध काय वरवर बसवायचंय तुला? म्हणूनच अंग धरत नाहीस!"

असं म्हणून मॅडम आतल्या खोलीत गेल्या आणि एक कोरं खोकं घेऊन आल्या. त्यांचा मुलगा क्वेकू हॅम्बुर्गला होता. आईसाठी तो तिथून सुया पाठवायचा, आणि आईच्या हुकमाप्रमाणे सगळ्यात लांब. साडेबारा मिलिमीटर. "घे," मॅडम म्हणाल्या, "बाईमाणसाची सुई आहे. मांसापर्यंत पोचते."

अराबाने गुडघा लववून दोन्ही हातांनी खोकं घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, दुकान झाडायच्याही आधी, ती मॅडमच्या दारात जाऊन कालच्याबद्दल आभार मानून आली. चांगल्या घरच्या पोरीने असंच करायचं असतं: मोठ्यांनी काल काही दिलं तर आज सकाळी जाऊन पुन्हा आभार मानायचे. मोठ्यांनी दिलेलं परत करणं हे मात्र मांकेसिममध्ये कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अराबाला ते परत करावंसं वाटलंही नाही. मॅडमचं म्हणणं तिला सोळा आणे पटलं होतं. तीन वर्षं पट्टी खाल्लेली बोटं होती तिची. जाड कामाला जाड सुई, हे त्या बोटांना झोपेतही ठाऊक होतं.

नव्या सुईने दुखायचं. दुखलं की तिला वाटायचं, चला, लागू पडतंय.

पहिल्यांदा झालं ते साधंच होतं. ती पायाचं यंत्र चालवत होती, आणि अचानक मानेवरून घामाचा ओघळ उतरला, बोटं थरथरायला लागली, डोळ्यांपुढची टीप दोन झाली. शेजारच्या यंत्रावरची एफुआ हसत सुटली. "अगं, बाही गळ्याला जोडतेयस! कुणाला फाशी द्यायचीय?" मग तिने अराबाचं तोंड बघितलं आणि हसणं गिळलं. अराबाच्या कमरेच्या कापडाच्या टोकाला साखरेचे खडे बांधलेले असत, ते एफुआने सोडून तिच्या तोंडात घातले. थोड्या वेळाने अराबा सावरली आणि गुपचूप बाही उसवत बसली.

मग ते पुन्हा झालं. मग त्याच आठवड्यात पुन्हा. आधी वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं ते आता दिवसाआड व्हायला लागलं. अराबा जास्त खाऊन बघे, देवाची प्रार्थना करून बघे, पण सुईचा संशय काही तिच्या मनाला शिवला नाही. एका दुपारी ती कापड कापायला उभी राहिली आणि कात्रीसकट आडवी झाली. पोस्टमास्तरांच्या बायकोचं कापड होतं ते, चर्चच्या सुगीच्या प्रार्थनेसाठी खास आणलेलं. कात्री त्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडत गेली.

मॅडमनी तिला स्वतः उचलून बसवलं, तोंडात साखर कोंबली, आपल्या कापडाच्या टोकाने तिचा घाम पुसला. हात मायेचे होते. तोंड मात्र मायेचं नव्हतं.

"यंदा तुझी मोकळीक नाही."

"मॅडम..."

"गप. कात्री घेऊन पडणाऱ्या पोरीला मी कात्री देऊ? तुझ्या त्या ओसरीवर एकटी पडलीस तर उचलणार कोण? आणखी एक वर्ष राहा. अंगात बळ येऊ दे. उद्या सुटी घे, आणि परवापासून सुई माझ्यासमोर टोचायची. मला वाटतं तू घाबरून अर्धीच घालतेस. पूर्ण, मुळापर्यंत गेली पाहिजे, मी बघणार."

अराबाला रडू आलं नाही. तिला संताप आला, तोही स्वतःच्या अंगाचा. ट्रंकेतलं पांढरं कापड आणि ओसरीवरची ती खेकड्याची पाटी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एक वर्ष! पुढच्या वर्षी अंगात बळ येईल याची हमी कोण देणार होतं? तिने ठरवलं की आपण का पडतो ते शोधून काढायचं, आणि ते कळेपर्यंत स्वस्थ बसायचं नाही. सुटीच्या दिवशी ती प्रवाशांनी खच्चून भरलेल्या पहिल्याच ट्रोट्रो गाडीत बसली आणि केप कोस्टला गेली.

इस्पितळात साखरवाल्या पोरांचं सगळं बघणारा नर्स म्हणजे ब्रदर अमिसा. माणूस लोण्यासारखा, जीभ मिरचीसारखी.

"औषध वाढवलंस?"

"नाही."

"खाणं कमी केलंस?"

"उलट वाढवलंय."

"काम?"

"तेच. दिवसभर पायाचं यंत्र."

"मग बदललं काय?"

"काहीच नाही, ब्रदर."

"काहीच नाही बदललं तर तू खुर्चीवर असतीस, जमिनीवर नसतीस. पिशवी उघड."

अराबाने पिशवी उघडली. अमिसाने एक सुई काढली, टोपण उडवलं आणि ती उजेडात धरून बघत राहिला. "कुणाचं बोकड भाजायचंय हिच्यावर? शेवटाला कांदा लाव आणि बसस्टँडवर विकायला बस."

"मोठ्या माणसाने दिलीय. चांगली खोल जाते."

"खोल जाते! कशात जाते? मांडीला चिमटा घे स्वतःच्या." तिने झग्यावरूनच घेतला. "काय आलं चिमटीत? कातडी, आणि तिच्याखाली नावाला चरबी. त्याच्याखाली मांस. इन्सुलिन ठेवायचं असतं चरबीत, म्हणजे ते तिथून सावकाश रक्तात झिरपतं. तुझी ही सळई चरबीतून आरपार जाऊन औषध मांसात सोडते. आणि त्याच मांडीने तू वर दिवसभर यंत्र हाकतेस. दिवसभर पुरवायचं औषध तासाभरात उधळलं जातं. मग पडणार नाहीस तर काय नाचणार?"

 सुई! अराबाच्या कानात मॅडमचा आवाज घुमत होता, वरवर बसते, एका धुण्यात उसवते. "म्हणजे ब्रदर, जाड माणसाला लांब आणि माझ्यासारखीला आखूड, असं ना?"

"तेही नाही. सगळ्यांना हेच वाटतं. कातडी तुझी आणि एखाद्या ढोल्या माणसाची जवळपास सारखीच जाड, जेमतेम अडीच मिलिमीटर. सुईला तेवढीच पार करायची असते. पलीकडे चरबीची गादी वीतभर असो की बोटभर, सुईला काय त्याचं? चार मिलिमीटरची सगळ्यांना पुरते. लांबीने औषधाचा जोर वाढत नाही, पोरी, नुसतं दुखतं. इतकं दुखतं की माणसं टोचायचं टाळायला लागतात."

अराबा विचारात पडली. तिच्या डोळ्यांपुढे तिच्या ओळखीची गोष्ट आली: शिंपिणीच्या मनगटावरची सुया खोचायची उशी. उशी फुगीर असो की चपटी, वरचं कापड तेच. फरक काय तो आतल्या कापसात.

"त्या सुया देऊन टाक ज्याच्या त्याला," अमिसा म्हणाला.

"परत नाही करता येत, ब्रदर. मॅडमनी दिल्यात. आणि त्या आता समोर उभं राहून टोचायला लावणार आहेत."

"असं? मग रीत सांभाळ आणि मर. मयताला येईन मी, चांगला काळा शर्ट आहे माझ्याकडे." मग त्याने आखूड सुयांचं खोकं तिच्या हातात दिलं आणि आवाज उतरवला. "आणि एक सुई एकदाच वापरायची. तू एकच आठवडाभर चालवतेस, मला ठाऊक आहे. यंत्र हाकायच्या दिवशी मांडीत नको, पोटात टोच."

परतीच्या ट्रोट्रोत ती खिडकीशी बसली होती आणि दातओठ खात होती. मॅडमना फसवणं सोपं होतं. पाठ वळली की सुई बदलायची, कुणाला कळलं असतं? पण मग आयुष्यभर हे असंच करत बसायचं का, पडद्यामागे, चोरासारखं? आणि मॅडमनी तिला चोरी शिकवली नव्हती. घरी गेल्यावर तिने चिंध्यांचं गाठोडं सोडलं आणि उजेड होता तोवर शिवत बसली.

सकाळी मॅडम पडद्यापाशी पट्टी घेऊन उभ्याच होत्या. "चल. काढ सुई."

अराबा पडद्यामागे गेली नाही. ती दुकानाच्या मधोमध आली, गुडघा लववला आणि म्हणाली, "मॅडम, लहान तोंडी मोठा घास घेतेय, आधीच माफी मागते. मला एक दाखवायचंय."

सगळी यंत्रं थांबली. अराबाने कापायच्या टेबलावर दोन उश्या ठेवल्या. एकाच छापील कापडाच्या. एक टम्म फुगलेली, एक पोळीसारखी चपटी. "दोन्हींच्या तळाशी लाल चिंधी शिवलीय," ती म्हणाली. "ते मांस. मधे कापूस, ती चरबी. औषध कापसात राहायला हवं." मग तिने लांब सुई चपट्या उशीत खोचली आणि उशी उलटी केली. टोक लाल चिंधीतून बाहेर आलं होतं. "मी रोज इथे टोचत होते, मॅडम. म्हणून पडत होते." मग तिने आखूड सुई त्याच उशीत खोचली. खाली काही आलं नाही. तीच फुगीर उशीत खोचली. तिथेही ती कापडापलीकडे गेली आणि कापसात थांबली. "आणि ही दोघींना पुरते."

मॅडमनी फुगीर उशी उचलली, दाबून बघितली. 

"म्हणजे ही मी?"

एफुआने तोंडात बाहीचा बोळा कोंबला तरी तिचं हसू नाकातून आलंच.

"उशी कुणीही असेना, मॅडम," अराबा म्हणाली.  "कापड एकच आहे."

"तीन वर्षं माझं मीठ खाऊन आता मलाच सुई शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत. सुई कापडाकडे बघून घ्यायची. इथे कापड म्हणजे कातडी. मी कापूस बघत बसले, ही माझी चूक. पण ही लांब सुई मी आता लावणार नाही, मॅडम. तुम्ही पट्टी मारा, हाकलून द्या, पण लावणार नाही."

मॅडमना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. नवरासुद्धा नाही, आणि तो बिचारा त्या न बोलण्यातच गेला. त्यांनी हातातली उशी खाली ठेवली. मग पट्टी टेबलावर आपटली.

"ठीक आहे. पोस्टमास्तरांच्या बायकोसाठी मी नवीन कापड आणलंय. बाजाराच्या दिवशी तू एकटी बसायचंस. कापण्यापासून इस्त्रीपर्यंत काबा आणि लांब स्कर्ट, सूर्य मावळायच्या आत. टोच तुझ्या त्या माशीच्या पायाने. उभी राहिलीस तर मोकळीक. पडलीस तर एक नाही, दोन वर्षं, आणि माझ्या दुकानात सुईचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"चालेल, मॅडम," अराबा म्हणाली. एफुआने नंतर तिला वेड्यात काढलं, पण बोललेलं बोलून झालं होतं.

बाजाराच्या दिवशी पडद्यामागे मॅडम तिच्यासमोर स्टूल टाकून बसल्या. अराबाने पोटात टोचलं, दहापर्यंत मोजलं, सुई काढली.

"हं, टोच आता," मॅडम म्हणाल्या.

"टोचलं, मॅडम."

"कधी?"

"आत्ताच. तुमच्या समोर."

"तोंड वाकडं नाही केलंस!"

"दुखलं नाही."

 मॅडमचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला आणि तिथून लगेच उचलला गेला. अराबाने ते बघितलं.

तिने मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा खाल्ला आणि कापायला घेतलं. हात ठाम चालत होते. पुढचा भाग, मागचा भाग, बाहीची फुगीर घडी, अस्तर. मग ती यंत्रावर बसली आणि पाय फिरायला लागले. बाहेर बाजार तापत होता, टोमॅटोवाल्या आणि मासेवाल्या एकमेकींच्या वर आवाज काढत होत्या, पत्रा उन्हाने कडकडत होता. मॅडम दारात बसून राहिल्या होत्या. मधेच त्यांनी हुक लावायची सुई घेतली, दोरा ओवायला गेल्या, आणि दोरा सुईच्या नाकाशेजारून निघून गेला. पुन्हा गेला. शेवटी त्यांनी सुई एफुआकडे दिली. असं अलीकडे रोजच व्हायचं. मुली म्हणत, वय झालं.

ऊन डोक्यावर आलं आणि अराबाच्या मानेवरून घाम उतरला. बोटं थरथरली.  आलं! आता दोन वर्षं! क्षणभर वाटलं, थांबू नये, दात चावून ही शिवण पुरी करावी, मॅडमचे डोळे आपल्यावर आहेत. आजवर ती असंच करत आली होती, आणि म्हणूनच जमिनीवर सापडत होती. तिने पाय थांबवले. सगळ्यांदेखत यंत्रावरून उठली, पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि त्याला तपासणीची शेवटची उरलेली पट्टी लावून बोटाचा थेंब तिच्यावर टेकवला.

"काय झालं?" मॅडम उठल्या होत्या. त्यांच्या हातात साखरेचा खडा होता. तो कधीपासून तिथे होता कोण जाणे.

अराबाने आकडा बघितला. चांगला होता, अगदी शहाण्यासारखा. घाम उन्हाचा होता आणि थरथर भीतीची. "काही नाही, मॅडम. जेवणाची वेळ झालीय, जेवून घेते." आणि ती खरंच बसली आणि सावकाश जेवली. काबा अर्धा यंत्राखाली पडला होता, वेळ चालली होती, तरी तिने एक घास घाईने गिळला नाही.

जेवताना तिच्या डोक्यात मात्र दुसरंच घोळत होतं. सकाळी आतल्या खोलीतून मॅडमचं "हूं" ऐकू यायचं, दातांत दाबलेलं, टोचतानाचं. संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत सगळ्या मुली तिथेच असत, संध्याकाळचं "हूं" कधी कुणी ऐकलं नव्हतं. अमिसा काय म्हणाला होता? माणसं टोचायचं टाळायला लागतात. आणि तो दोरा. वय नव्हतं ते, चढलेली साखर डोळ्यांत उतरली होती. पहिल्यांदाच अराबाला मॅडमची भीती वाटण्याऐवजी मॅडमसाठी भीती वाटली.

सूर्य पोस्टाच्या इमारतीमागे गेला तेव्हा तिने कोळशाची इस्त्री खाली ठेवली. मॅडमनी काबा उलटा केला आणि एकेक शिवण डोळ्यांनी नव्हे, बोटांनी वाचत गेल्या. गळा, कंबर, बाही.

"डावा मुंडा एक बोटभर घट्ट आहे."

"बाईंचा डावा हात बारीक आहे, मॅडम. माप तसंच आहे."

मॅडमनी काबा घडी केला. "आईला सांग," त्या म्हणाल्या, "पांढरं कापड ट्रंकेतून काढ म्हणावं."

मोकळिकीच्या दिवशी दुकानापुढे तंबू लागला, पास्टरनी प्रार्थना जरा लांबवली, मामाने पाटी खांद्यावर घेऊन मिरवली आणि खेकड्यावरून सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. मॅडमनी पावडरीचा अख्खा डबा अराबाच्या डोक्यावर उपडा केला आणि तिच्या हातात कात्री दिली. मग शिकलेल्या मुलीने मॅडमपुढे तबक ठेवायचं असतं, तशी अराबा तबक घेऊन पुढे आली. त्यात जिनची बाटली होती, सरबताच्या बाटल्या होत्या, आणि पोस्टमास्तरणीच्या काब्याच्या उरलेल्या तुकड्यात बांधलेली एक पुडी होती. अमिसाच्या खोक्यातल्या निम्म्या सुया, एकेक आपापल्या बंद टोपणात.

मॅडमनी पुडी चाचपली. त्यांच्या बोटांना ती काय आहे ते कळलं. त्यांनी अराबाकडे असं बघितलं की एखादी दुसरी पोर तिथेच भुईसपाट झाली असती. अराबा गुडघा लववून, पांढऱ्या पापण्या वर करून, तशीच उभी राहिली. सगळा बाजार बघत होता. दिलेलं परत करणं मांकेसिममध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि मॅडम फिलो रीतीबाहेर जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही हातांनी तबक घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अराबा तोंड धूत होती. कालच्याबद्दल आभार मानायला मॅडमकडे जायचं होतं, आई केव्हाची घाई करत होती. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. मॅडम फिलो स्वतः, एकट्या, चर्चला जायच्या शालीत.

आईची धांदल उडाली. तिने बाक पुसला, पाणी आणलं. मॅडमनी रीतीप्रमाणे घोटभर प्यायलं आणि भांडं खाली ठेवलं.

"इकडे सगळं क्षेम आहे," आई म्हणाली. "येणं कशासाठी झालं, सिस्टर फिलो?"

"वाईट बातमी नाही. काल मला काही मिळालं, म्हणून आज आभार मानायला आले."

"अहो, काहीतरीच काय! काल दिलंत तुम्ही. आम्हीच निघालो होतो तुमच्याकडे. आणि त्या बाटल्यांचं काय एवढं..."

"बाटल्यांचे नाहीत." मॅडमनी अराबाकडे बघितलं. "काल संध्याकाळी टोचलं मी. टोचलं, आणि बसून राहिले, म्हटलं अजून दुखलं कसं नाही, गेलीच नसेल आत. संध्याकाळचं मी कितीतरी महिन्यांत टोचलंच नव्हतं. सगळ्यांना सांगायचे टोचते म्हणून. पोटाच्या गाठी झाल्यात नुसत्या. भ्यायचे मी. फिलोमेना सुईला भ्यायची, सांगू कुणाला? आयुष्य गेलं सुया शिकवण्यात."

आईने तोंडावर हात घेतला. अराबाचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"डोळे किती परत येतात ते आता देवाला ठाऊक," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या त्या अमिसाकडे मला ने. आणि क्वेकूला फोन करून सांगितलंय, यापुढे माशीचे पाय पाठव म्हणून. त्याला वाटलं आईचं डोकं फिरलं."

मग त्यांनी शालीखालून सुयांची डबी काढली. तीच, पहिल्या दिवशीची, कोपरे घासून पांढरी पडलेली. "ही तुझ्या ओसरीला. माझ्या बोटांना आता लागत नाही."

अराबाने गुडघा लववून दोन्ही हातांनी डबी घेतली.  "मग उद्या सकाळी येते, मॅडम. आभार मानायला."

"ये," मॅडम उठत म्हणाल्या. "पण आधी खाऊन ये."